पडद्यावरचा कुंचला

गणेशचतुर्थीच्या सुमारास मुंबई-पुण्याहून कोंकणांत जाणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानांत अलीकडे एक नवी वस्तु दिसूं लागली आहे. पूर्वीं भाचरांसाठीं रंगपेटी, चित्रकलेची वही, फार झालें तर एखादी कंपासपेटी नेण्यांत येई. आतां तिच्या जोडीला टॅब्लेट अथवा लॅपटॉप येऊन बसला आहे, आणि त्याच्या पाठोपाठ एक प्रश्नहि आला आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यांत, कर्ली नदीच्या कांठीं, वालावल नांवाचें गांव आहे. लक्ष्मीनारायणाचें पुरातन देवालय, त्याला लागूनच असलेला तलाव आणि त्या तलावांत आपलें प्रतिबिंब न्याहाळीत उभे असलेले माड, हें दृश्य ज्यानें एकदां पाहिलें त्याला तें कागदावर उतरविण्याची इच्छा होणें स्वाभाविक आहे. अशा गांवांतील एका शाळकरी मुलीची श्रोत्यांनीं क्षणभर कल्पना करावी. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा ती चांगल्या श्रेणींत उत्तीर्ण झाली आहे, तिच्या हातांत रेषा आहे, आणि आतां तिला संगणकावर चित्रें काढावयाचीं आहेत. मुंबईचा मामा विचारतो, "सॉफ्टवेअर कोणतें घेऊं?" दुकानदार एक नांव सांगतो, कचेरींतला स्नेही दुसरें सांगतो, आणि अखेर, जें सर्वांत महाग तेंच सर्वांत उत्तम, असा हिशेब करून मामा एका वर्षाची वर्गणी भरून टाकतो. वर्ष संपतें. पुढची वर्गणी भरावयाची कोणी, हा प्रश्न संकोचामुळें दोन्ही घरांत कोणीच काढीत नाहीं. सॉफ्टवेअर उघडेनासें होतें. आणि वर्षभर ती मुलगी जें कांहीं शिकली, जें कांहीं तिनें काढलें, त्या सर्वांची किल्ली परक्याच्या खिशांत जाऊन पडते.

मामाच्या औदार्यांत खोट नाहीं; खोट आहे ती प्रश्नांच्या क्रमांत. सॉफ्टवेअरचें नांव हा शेवटचा प्रश्न. त्याच्या आधीं, चित्र कोणत्या जातीचें काढावयाचें, तें पुरें झाल्यावर कोठें जावयाचें, आणि दहा वर्षांनीं तें उघडावयाचें झाल्यास कोणाची परवानगी लागेल, हे तीन प्रश्न येतात.

पहिला प्रश्न वालावलच्या परिसरांतच सोडवून पाहतां येईल. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. रामायण-महाभारतांतील आख्यानांचीं चित्रें कागदावर रंगवावयाचीं, एकेका आख्यानाच्या चित्रांची एक पोथी करावयाची, आणि तीं एकामागून एक लोकांपुढें धरून वाद्यांच्या साथीनें कथा सांगावयाची, अशी ही कला. तिचें जतन करणारे पिंगुळीचे श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. या चित्रांचें मर्म रेषेंत आहे: ठसठशीत काळी सीमारेषा, मोठाले डोळे, एका बाजूनें दिसणारे चेहरे आणि सपाट रंग. सावंतवाडीची गंजिफा याहून निराळी. दशावतारी गंजिफेचीं १२० पानें. दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकांत बारा. पान वाटोळें आणि तळहातांत मावणारें. तेथें एकच चिन्ह सारख्या आकारानें आणि सारख्या अंतरानें पुनःपुन्हा यावें लागतें. तिसरा प्रकार कुडाळच्या बाजारांत पाहावा. जत्रेचा, दशावतारी नाटकाचा किंवा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक, ज्यांत अक्षर मोठें आणि चित्र त्याच्या आश्रयाला. या तिघांना एकच साधन पुरेल असें मानणें म्हणजे सुताराला आणि सोनाराला एकच हातोडी देण्यासारखें आहे.

संगणक चित्र दोन रीतींनीं लक्षांत ठेवतो, आणि निवडीचा बराचसा भाग या दोन रीतींच्या भेदावर उभा आहे. हा भेद समजावयास रांगोळीसारखें उदाहरण नाहीं. अंगणांत रंगीत भुकटी भरून जें चित्र काढतात त्यांत प्रत्येक कण आपापल्या जागीं असतो. तेवढेच कण दुप्पट जागेंत पसरले तर चित्र विरळ होतें आणि त्याच्या कडा फाटतात. फोटोशॉप, क्रिता, प्रोक्रिएट आणि गिंप यांची मुख्य रीत ही. ठिपक्यांच्या रांगोळीचें तसें नाहीं. तेथें लक्षांत ठेवावयाचें तें एवढेंच कीं, ठिपके किती आणि कोणता ठिपका कोणाला जोडावयाचा. तीच रांगोळी तुळशीपुढें वीतभर काढली काय आणि देवळाच्या पटांगणांत वीस हात काढली काय, रेषा तितकीच स्वच्छ येते. इंकस्केप, इलस्ट्रेटर आणि आपल्याकडील छापखान्यांचें जुनें आवडतें कोरल ड्रॉ हीं या दुसऱ्या रीतीचीं सॉफ्टवेअरें होत. फलक, बोधचिन्ह, गंजिफेचें पान यांना हीं घ्यावींत. जलरंगाचा ओलावा, सायंकाळची छाया, हाताची थरथर ज्यांत दिसावी अशा चित्रांना पहिलीं घ्यावींत. चित्रकथीची रेषा दोहोंच्या सीमेवर येते. परंतु त्या रेषेंतला कुंचल्याचा दाब ज्याला हवा असेल त्यानें पहिल्या रीतीकडेच वळावें.

दोन्ही रीतींत एक सोय सामाईक आहे, ती थरांची. चित्र एकाच कागदावर न काढतां पारदर्शक कागदांच्या चळतीवर काढावयाचें. तळाशीं कच्चें रेखाटन, त्यावर रंग, त्यावर सीमारेषा. महाराष्ट्राला ही कल्पना अगदींच नवी म्हणतां येणार नाहीं. राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईंत काढलेल्या आणि पुढें मळवलीस गेलेल्या शिळाछापखान्यांत प्रत्येक रंगाला स्वतंत्र शिळा असे. एकावर एक ठसे बरोबर बसले म्हणजेच लक्ष्मी वा सरस्वती कागदावर प्रकट होई. एक शिळा केसभर सरकली कीं देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरावयाचा. संगणकाचे थर आपण सरकविल्यावांचून सरकत नाहींत, आणि एक पुसला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाहीं. जें सॉफ्टवेअर थर देत नाहीं तें शिकण्यापुरतेंसुद्धां घेऊं नये.

आतां नांवांकडे वळावयास हरकत नाहीं. पडद्यावर प्रकाशलेखणीनें रेषा ओढण्याचा प्रयोग आयव्हन सदरलँड यांनीं अमेरिकेंत १९६३ सालीं करून दाखविला. १९८४ सालीं मॅकिंटॉश संगणकाबरोबर मॅकपेंट आलें, १९९० सालीं नॉल बंधूंचें फोटोशॉप आलें, आणि पुढच्याच वर्षीं आलेलें पेंटर तर चक्क रंगाच्या पत्र्याच्या डब्यांत घालून विकलें जाई! फोटोशॉप हें मुळांत छायाचित्रांवर काम करण्यासाठीं निघालें, हें त्याच्या नांवावरूनच दिसतें; चित्रकारांनीं तें मागाहून आपलेंसें केलें. त्याच्या सामर्थ्याविषयीं वाद नाहीं. जाहिरातसंस्थेंत किंवा वृत्तपत्रांत चाकरी करावयाची असेल त्याला तें आलें पाहिजे, आणि तेथें त्याची वर्गणी मालक भरतो. परंतु २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणीनेंच मिळतात, आणि वर्गणी चालू आहे कीं नाहीं याची खातरजमा करण्यासाठीं ठराविक काळानें संगणकाला इंटरनेटची वाट धरावी लागते. शिकाऊ मुलीच्या गळ्यांत हें लोढणें बांधण्याचें कारण नाहीं.

प्रोक्रिएट हें टास्मानियांतील एका मंडळीचें, २०११ सालीं निघालेलें सॉफ्टवेअर. एकदां किंमत दिली कीं पुन्हा मागणी नाहीं, आणि हातांत घेतल्यापासून तासाभरांत चित्र निघूं लागतें, इतकें तें सुबोध आहे. पण तें आयपॅडवांचून चालत नाहीं. म्हणजे घोडा स्वस्त, पागा महाग. घरांत आयपॅड आणि त्याची लेखणी आधींच असेल, तर मात्र दुसरीकडे पाहण्याची गरज नाहीं. क्लिप स्टुडिओ पेंट हें जपानी सॉफ्टवेअर चित्रमालिका काढणाऱ्यांचें लाडकें. संगणकासाठीं तें एकरकमी विकत मिळतें, टॅब्लेटवर वर्गणीनें. आयबिस पेंट साध्या मोबाइलवर फुकट चालतें. त्यांतील जाहिराती डोळ्यांना खुपतात खऱ्या, तथापि ज्या घरांत मोबाइलशिवाय दुसरें यंत्र नाहीं तेथील मुलामुलींनीं त्यावर बोटानें काढलेलीं चित्रें पाहिलीं म्हणजे त्याला नांवें ठेववत नाहींत.

वालावलच्या त्या मुलीसाठीं क्रिता सर्वांत योग्य. युरोपांत १९९९ च्या सुमारास आरंभ झालेली आणि जगांतील अनेक जाणकारांच्या सहकार्यानें वाढलेली ही आज्ञावली मुक्त परवान्याची आहे, म्हणजे तिची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. क्रिता हा स्वीडिश शब्द आहे, अर्थ खडू.  मंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ती विनामूल्य उतरवून घेतां येते. विंडोजच्या दुकानांत तीच वस्तु किंमत लावून ठेवलेली आढळते. ती किंमत म्हणजे मंडळाला मदत होय, सक्ती नव्हे. छायाचित्रें सुधारण्याकडे न वळतां चित्र काढणें हेंच तिनें आपलें काम मानलें आहे. थरथरणारी रेषा सावरून घेणारी सोय तिच्यांत आहे, तिचा उपयोग चित्रकथीच्या लांब सीमारेषेला होतो. एकाच फटकाऱ्याबरोबर वर्तुळांत चार, आठ, बारा ठिकाणीं तोच फटकारा उमटविणारा कुंचला आहे. गंजिफेचें वाटोळें पान त्यानें लीलया सजतें. आणि चित्राची उजवी कड डाव्या कडेला आपोआप जुळविणारी एक सोय आहे, ती साडीचे कांठ किंवा भिंतीवरची नक्षी काढणारांनीं अवश्य पाहावी. तिच्यांत उणें नाहीं असें नव्हे. आयपॅडवर ती चालत नाहीं, जुन्या संगणकावर मोठा कुंचला मागें रेंगाळतो, आणि अक्षरांच्या बाबतींत तिच्यावर फार विसंबूं नये. छायाचित्र कापणें, उजळणें, त्यावरचा डाग काढणें यासाठीं गिंप आहे. कॅलिफोर्नियांतील दोन विद्यार्थ्यांनीं १९९५ सालीं तें आरंभिलें, आणि तेंहि विनामूल्य आहे.

येथें मामाचे पैसे वांचले, असें कोणास वाटेल. ते वांचले नाहींत. ते लेखणीकडे वळवावयाचे आहेत. माऊसनें चित्र काढणें म्हणजे साबणाच्या वडीनें सही करण्यासारखें आहे. दाबाप्रमाणें रेषा जाड-बारीक करणारी लेखणी आणि तिची पाटी कांहीं हजार रुपयांत मिळते. विजेरी घालावी न लागणारी लेखणी असेल ती निवडावी. दाबाच्या पायऱ्या किती हजार, या जाहिरातींतील आंकड्याकडे फारसें लक्ष देऊं नये. पाटीची जागा आणि लेखणीची पकड यांकडे द्यावें. पडदा नसलेल्या पाटीवर हात एकीकडे आणि डोळा दुसरीकडे, यामुळें पहिले पंधरा दिवस हैराण व्हावें लागतें. पेटीवादक पट्ट्यांकडे न पाहतां गायकाकडे पाहून वाजवितो, तितकेंच हें अंगवळणी पडणारें आहे.

यंत्राच्या स्मरणशक्तीचा हिशेब करणेंहि अवघड नाहीं. २१ सेंटिमीटर रुंद व २९.७ सेंटिमीटर उंच असें नेहमींचें ए-फोर पान, इंचाला ३०० बिंदु या प्रमाणानें घेतलें, तर रुंदींत २४८० आणि उंचींत ३५०८, एकूण सुमारें ८७ लाख बिंदु होतात. प्रत्येक बिंदूला चार बाइट धरल्यास एका थराला सुमारें ३५ मेगाबाइट आणि वीस थरांना ७०० मेगाबाइट स्मृति लागते. म्हणजे आठ गिगाबाइट स्मृतीच्या सामान्य लॅपटॉपवर हें काम होतें. त्यासाठीं खेळांचें लाखाचें यंत्र घेण्याचें प्रयोजन नाहीं.

चित्र कोठें जावयाचें, हा दुसरा प्रश्न, आणि त्यांत नवशिकी मंडळी हमखास फसतात. मोबाइलच्या पडद्यावर सुंदर दिसणारें १०८० बिंदु रुंदीचें चित्र दिवाळी अंकासाठीं पाठविलें, तर ३०० बिंदूंच्या हिशेबानें तें कागदावर ३.६ इंच, म्हणजे जेमतेम नऊ सेंटिमीटर रुंद छापतां येतें. मुखपृष्ठ व्हावें म्हणून काढलेलें चित्र आंतल्या पानाच्या कोपऱ्यांत जावयाचें! म्हणून कागदाचें माप आरंभींच ठरवावें. मागाहून वाढविलेलें चित्र हें वर सांगितलेल्या पसरलेल्या रांगोळीसारखें असतें. दुसरें असें कीं, पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशानें रंग दाखवितो, आणि छापखाना निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईनें. श्रावणांतल्या भाताच्या खाचरांचा जो लखलखीत हिरवा पडद्यावर दिसतो, तो शाईंत पूर्णपणें येत नाहीं. क्रिता व फोटोशॉप चार शायांच्या पद्धतींत काम करूं देतात, आणि २०२५ सालीं निघालेल्या गिंपच्या तिसऱ्या आवृत्तींत छापील रंगांचा अंदाज आधीं पाहण्याची सोय आहे. रंग उतरलेले छापखान्यांत पाहण्यापेक्षां घरीं पाहिलेले बरे.

याच ठिकाणीं मराठी अक्षरांचा विषय निघतो. विलायती सॉफ्टवेअरांत देवनागरी जोडाक्षरें फुटणें, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसणें, हे प्रकार फलकांवर कोणी पाहिले नाहींत? फोटोशॉपांत पुष्कळ वर्षें भारतीय लिप्यांसाठीं निराळी मांडणी निवडून घ्यावी लागे, आणि ती कोठें आहे हेंच कोणास ठाऊक नसे. इंकस्केप व गिंप यांत युनिकोडमधील मराठी सरळ लिहितां येतें आणि जोडाक्षरें नीट जुळतात. म्हणून चित्र क्रितामध्यें काढावें आणि अक्षरें इंकस्केपमध्यें बसवावींत, हा मार्ग उत्तम. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनीं घडविलेले मुक्ता आणि बालू यांसारखे टंक मोफत मिळतात. छापखान्याकडे पाठविण्यापूर्वीं अक्षरांचें रेषाकृतींत रूपांतर करून त्याची वेगळी प्रत द्यावी, नाहींतर तेथील यंत्रांत तो टंक नसल्यास सावंतवाडीची "साटेलोट्यांची वाडी" होऊन हातीं येईल. मूळ, सुधारतां येणारी प्रत मात्र आपल्याजवळ राहूं द्यावी.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आणि सर्वांत उपेक्षित. पिंगुळीच्या जुन्या पोथ्या आजहि उघडतां येतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत चित्रकथीचीं जुनीं चित्रें जपून ठेवलेलीं आहेत, आणि तीं पाहण्यासाठीं कोणत्याहि कंपनीची वर्गणी चालू असावी लागत नाहीं. उलट मराठी प्रकाशनव्यवसायाचा अनुभव पाहावा. पेजमेकर नांवाच्या सॉफ्टवेअरवर एके काळीं असंख्य मराठी पुस्तकें व नियतकालिकें जुळविलीं गेलीं. त्याची शेवटची मोठी आवृत्ति २००१ सालची. तें मागें पडलें, त्या वेळचे युनिकोडपूर्व टंकहि मागें पडले, आणि त्या फाइली आज कोणी उघडावयास गेला तर मराठी मजकुराच्या जागीं बहुधा रोमन अक्षरांचा भुगा दिसतो. पुस्तक छापलेलें असल्यास निदान कागद तरी उरतो. पडद्यावरच्या चित्राला तोहि आधार नाहीं.

यासाठीं प्रत्येक पुरें झालेलें चित्र तीन रूपांत ठेवावें: एक, थरांसहित मूळ फाइल, दुसरी, कोठेंहि उघडेल अशी पीएनजी प्रत, आणि तिसरी, निवडक चित्रांची चांगल्या कागदावरील छापील प्रत. क्रिताची फाइल उघड रचनेची असल्यानें तिच्यांतून चित्र बाहेर काढण्यास पुढेंमागें क्रिताच पाहिजे असें नाहीं. इंकस्केपची फाइल तर साध्या मजकुरासारखी वाचतां येते. प्रोक्रिएट किंवा क्लिप स्टुडिओ वापरणारांनीं दर महिन्यास फोटोशॉपच्या पीएसडी रूपांत एक प्रत काढून ठेवण्याची संवय लावावी. तें रूप क्रिता आणि गिंप दोन्ही बव्हंशीं उघडतात. कोंकणांत आणखी एक काळजी. पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो आणि कडाडणारी वीज यंत्राला शिवल्यावांचून राहीलच असें नाहीं. आपोआप जतन करण्याची सोय चालू ठेवावी, आणि दुसरी प्रत निराळ्या तबकडींत ठेवावी, त्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या कप्प्यांत नव्हे.

महाग सॉफ्टवेअर कुलूप तोडून फुकट देणारे लोक प्रत्येक तालुक्याच्या गांवीं असतात. ती चोरी आहे, आणि चोरीच्या मालाबरोबर संगणकाला रोगहि येतात. परंतु याहून मोठा आक्षेप असा कीं, मुक्त साधन दारांत उभें असतां ही चोरी निष्कारण आहे. वाक्य लिहिलें कीं चित्र तयार करून देणाऱ्या यंत्रांचाहि अलीकडे बोलबाला आहे. प्रोक्रिएटच्या चालकांनीं २०२४ सालीं, आपल्या सॉफ्टवेअरांत असली सोय घालणार नाहीं असें जाहीर केलें. फोटोशॉपमध्यें ती आहे. ज्या मुलीला रेषा शिकावयाची आहे तिच्या दृष्टीनें ती सोय असणें हा खरेदीचा मुद्दाच होऊं शकत नाहीं.

तेव्हां चतुर्थीला गांवीं जाणाऱ्या मामानें लेखणी व पाटी न्यावी, आणि क्रिता, गिंप व इंकस्केप हीं तीन सॉफ्टवेअरें मुंबईसच उतरवून घेऊन पेनड्राइव्हवर सोबत न्यावींत, कारण गांवच्या इंटरनेटवर तीं उतरावयास आरती-प्रसाद उरकून जाईल. मुलीनें पहिल्या महिन्यांत शेंकडों कुंचल्यांपैकीं फक्त तीन निवडावेत: एक पेन्सिलीचा, एक शाईचा, एक ओल्या रंगाचा. देवळाच्या तलावाचें एकच दृश्य सकाळीं, दुपारीं आणि दिवेलागणीला काढावें. आधीं वहींत, मग पाटीवर. मामानें अधूनमधून फोन करून, किती चित्रें पुरीं झालीं, एवढेंच विचारावें. दिवाळीपर्यंत दहा झालीं असतील, तर पडद्याची मोठी पाटी घेण्याचा विचार करावा; आणि चारच झालीं असतील, तर दिवाळीच्या भेटीसाठीं चित्रकलेच्या कागदाची चांगली जाड वही पाठवावी.